साहसाचा दंड कोणी भरावा?

सावित्री नदी महाबळेश्वरी उगम पावते, सह्याद्रीचा कडा उतरून पोलादपूर व महाड तालुक्यांतून वाहते आणि बाणकोटच्या खाडीत समुद्रास मिळते. तिच्या खोऱ्यात सह्याद्रीने गड, घळी, घाटवाटा आणि रानाने झाकलेले उतार यांचा मोठा संसार मांडला आहे. छत्रपती शिवाजी महाराजांची राजधानी रायगड येथेच आहे. समर्थ रामदासस्वामींच्या वास्तव्याने पावन झालेली शिवथरघळ येथेच आहे. पोलादपूरकडील ढवळे खोऱ्यात चंद्रगड उभा आहे, तर महाडच्या डोंगररांगेत कांगोरी ऊर्फ मंगळगड. पहिला पाऊस झाला की प्रत्येक कड्यावरून पाणी कोसळू लागते आणि सारा प्रदेश हिरवा होऊन धुक्यात बुडून जातो.

पूर्वी या भागात बाहेरचा मनुष्य येई तो बहुधा देवदर्शनासाठी किंवा घाटमाथ्यावरील व्यापारासाठी. गेल्या काही दशकांत आणखी एक पाहुणा येऊ लागला आहे. पाठीवर पिशवी, तीत तंबू, दोर, शिधा आणि विजेरी घेऊन तो केवळ डोंगर चढण्यासाठी आणि रानात एखादी रात्र काढण्यासाठी येतो. पुष्कळदा यात्रेकरू आणि गिरिभ्रमण करणारा ही एकच व्यक्ती असते. सकाळी दर्शन, दुपारी धबधबा आणि रात्री गडाच्या माचीवर मुक्काम, असा बेत करून येणारी अनेक कुटुंबे व तरुण मंडळी या पुस्तिकेच्या वाचकांतही असतील. त्यांच्यापुढेच एक प्रश्न ठेवण्याचा या लेखाचा हेतू आहे. ज्या डोंगराच्या पायथ्याशी माणसे धोका सोसून राहतात, त्याच डोंगरावर आपण हौसेने धोका पत्करण्यास जावे काय? आणि गेलो, तर त्या हौसेचे मोल कोणी चुकवावे?

‘साहस’ या शब्दाचे कूळ

आज ‘साहस’ हा शब्द आपण कौतुकाने उच्चारतो. साहसी खेळ, साहस शिबिर, साहसी पर्यटन असे शब्द रूढ झाले आहेत. राज्य शासनानेही २०२१ मध्ये साहसी पर्यटनासाठी स्वतंत्र धोरण आखले. परंतु या शब्दाचे कूळ इतके निर्दोष नाही. ‘सहस्’ म्हणजे बळ. बळाच्या भरात, मागचा-पुढचा विचार न करता केलेली कृती ती साहस. राजाने निवाडा करावा अशी जी अठरा प्रकरणे मनुस्मृतीत सांगितली आहेत, त्यांत ‘साहस’ हे एक आहे आणि तेथे त्याचा अर्थ बळजोरीचा अपराध असाच आहे.

त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की, त्याच ग्रंथात दंडाच्या रकमांनाही ‘साहस’ हेच नाव दिलेले आढळते. अडीचशे पणांचा दंड तो प्रथम साहस, पाचशे पणांचा तो मध्यम साहस आणि हजार पणांचा तो उत्तम साहस. कृतीलाही तेच नाव आणि तिच्या दंडालाही तेच नाव! भाषाशास्त्रज्ञ याची उपपत्ती काहीही देवोत, विचार करणाऱ्यास त्यातून एक सूचना मिळते. जो साहस करील, त्याच्या पदरी त्याचा दंडही बांधलेला आहे.

काळाच्या ओघात या शब्दातून दंड गळून पडला आणि गौरव तेवढा उरला. शब्दातून गळाला म्हणून तो व्यवहारातून नाहीसा झाला असे मात्र नाही. तो आजही भरावाच लागतो. प्रश्न इतकाच की, तो कोण भरतो?

तळीये येथे घडलेली घटना

२२ जुलै २०२१ हा दिवस महाड-पोलादपूरकर कधी विसरणार नाहीत. त्या दिवसांत घाटमाथ्यावर अतोनात पाऊस झाला. २३ जुलैच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत महाबळेश्वर येथे ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. सावित्रीला महापूर येऊन महाड शहर पाण्याखाली गेले. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळीये गावच्या कोंढाळकरवाडीवर डोंगराचा भाग कोसळला. वाडीतील घरे माती-दगडांखाली गाडली गेली आणि ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. खाली पूर आणि वाटेत ठिकठिकाणी दरडी, यांमुळे बाहेरची मदत पोहोचण्यास दुसरा दिवस उजाडला. तोपर्यंत जे काही करता आले, ते हाताशी असलेल्या साधनांनिशी आसपासच्या माणसांनीच केले. काही दिवसांनी शोधकार्य थांबवावे लागले आणि जे सापडले नाहीत त्यांनाही मृत मानण्यात आले. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही त्याच पावसात दरडींनी बळी घेतले. त्याआधी जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील दासगाव, जुई, कोंडिवते व रोहन या गावांनी असेच दुःख भोगले होते.

दरड का कोसळते हे थोडक्यात जाणून घेणे येथे उपयोगी पडेल. आपला सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांनी बनलेला आहे. खालचा कातळ घट्ट असतो. परंतु ऊन-पावसाने झिजून उतारांवर माती, मुरूम आणि सुट्या दगडांचा जाड थर साचलेला असतो. दीर्घकाळ व जोराचा पाऊस झाला की पाणी त्या थरात मुरते, खालच्या कातळावर अडते आणि मातीच्या कणांची एकमेकांवरील पकड सैल करते. मग एका क्षणी तो सारा भार उतारावरून खाली येतो. काल दिसलेला हिरवागार डोंगर आतून किती भिजला आहे, हे वरून पाहणाऱ्यास कळत नाही.

येथे दोन प्रकारच्या धोक्यांतील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. एक धोका निवडलेला असतो, दुसरा सोसलेला. डोंगर चढण्यास आलेला मनुष्य दिवस निवडतो, वाट निवडतो, सोबती निवडतो. मन घाबरले तर तो मागे फिरतो आणि रविवारी रात्री आपल्या घरी परततो. वाडीतल्या माणसाला यांतले काहीच निवडता येत नाही, कारण तो डोंगरातून परत जाणार तरी कोठे? त्याचे घर तेथेच आहे.

‘मग ते लोक दुसरीकडे का जात नाहीत?’ असे शहरातील सज्जन सहजपणे विचारतात. उतारावरची भातखाचरे, नाचणी-वरीचे तुकडे, गुरे, पिण्याच्या पाण्याचा झरा, गावदेवी आणि भावकी, हे सर्व उचलून नेता येत नाही. नदीकाठी सपाटीला यावे तर तेथे सावित्रीचा पूर आहे, हे त्या जुलैने दाखवून दिले. या खोऱ्यातील कितीतरी घरांतील कर्ती माणसे मुंबईस नोकरी करतात आणि त्यांच्या पैशावर मागचे घर चालते. घर डोंगरात ठेवून कमाईसाठी शहरात जाणारा आणि घर शहरात ठेवून आनंदासाठी डोंगरात येणारा, असे दोघे एकाच महामार्गावरून उलट दिशांनी जात असतात. दोघांच्या डोक्यावर पाऊस तोच असतो. एकाला त्यात धबधबा दिसतो, तर दुसरा रात्री अंथरुणावर पडून त्याचा आवाज ऐकत राहतो.

‘जीव माझा, धोका माझा’

धोकादायक जागी जाणाऱ्यास अडविले की तो बहुधा उत्तर देतो, ‘जीव माझा आहे, धोका माझा आहे, तुमचे काय जाते?’ वरवर पाहता हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. स्वतःच्या देहावर मनुष्याचा अधिकार नाही तर कोणाचा? परंतु डोंगरात हा युक्तिवाद टिकत नाही, कारण डोंगरात कोणाचाही धोका एकट्याचा राहत नाही.

जुलै २०२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात, कुंभे धबधब्याच्या परिसरात, एक पर्यटक खोल दरीत कोसळून मरण पावला. भर पावसात, निसरड्या कातळावरून दोराच्या साह्याने बचावपथकातील तरुण खाली उतरले आणि काही तासांच्या प्रयत्नानंतर त्यास वर आणता आले. जो गेला त्याच्या आप्तांचे दुःख मोठेच आहे, त्यास दोष देण्यासाठी हे लिहिलेले नाही. परंतु त्या दरीत उतरलेल्या तरुणांनाही घरे होती. त्यांपैकी बहुतेक असे काम मोबदल्याशिवाय करतात. हाक आली की हातातील काम टाकून निघतात. ‘धोका माझा’ असे म्हणणाऱ्याने त्यांची अनुमती घेतलेली नसते आणि तेही ती विचारा असे म्हणत नाहीत. त्यांचा हा चांगुलपणा आपण आपल्या हौसेच्या हिशेबात आधीच धरून चालावे काय, हा खरा नैतिक प्रश्न आहे.

जगातील सर्वांत उंच शिखरावरही हाच प्रश्न उभा राहिला. १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या वाटेवरील खुंबू हिमप्रपातात हिमकडा कोसळून १६ नेपाळी कामगार ठार झाले. शिखरावर नाव लागणार होते दूरदूरच्या गिर्यारोहकांचे. दोर बांधण्यासाठी आणि ओझी वाहण्यासाठी पहाटेच्या अंधारात त्या हिमातून ये-जा करणारे होते ते स्थानिक शेर्पा. त्या दुर्घटनेनंतर शेर्पांनी त्या मोसमात पुढे चढण्यास नकार दिला आणि नेपाळच्या बाजूच्या बहुतेक मोहिमा माघारी फिरल्या. गौरव एकाचा आणि दंड दुसऱ्याचा, ही वाटणी त्या दिवशी साऱ्या जगाला दिसली. आपल्या डोंगरांची उंची कमी असली तरी ती वाटणी येथेही तशीच होते.

मग डोंगरात जाऊच नये काय?

असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. कष्टाने चालत देवाकडे जाणे हे आपल्या परंपरेने नेहमीच पुण्यकारक मानले आहे, आणि पायी यात्रा ही पूर्वी धोक्याची गोष्ट होती. डोंगर चढताना शरीराची मर्यादा कळते, अहंकार उतरतो, एका घोट पाण्याची किंमत समजते. शहरात वाढलेल्या मुलाने एकदा तरी दिव्याविना रात्र पाहावी, रातकिड्यांचा आवाज ऐकावा, चूल पेटविण्यासाठी काटक्या गोळा कराव्यात, हे त्याच्या शिक्षणाचाच भाग आहे. समर्थांनी घळीचा एकांत पत्करला आणि तरीही लोकांत मिसळून बलोपासना शिकविली. एकांत आणि लोकसंग्रह यांचे वैर नाही, असेच त्यांच्या चरित्रातून दिसते.

याहूनही महत्त्वाचे असे की, साहसात कमावलेले कौशल्य वेळप्रसंगी इतरांचे ऋण फेडू शकते. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची सहलीस निघालेली बस पोलादपूर-महाबळेश्वर मार्गावरील आंबेनळी घाटात खोल दरीत कोसळली. एकच प्रवासी वाचला. त्या दरीतून मृतदेह वर आणण्याच्या कामी महाबळेश्वर, पोलादपूर, महाड आदी ठिकाणचे ट्रेकर दोर घेऊन धावून आले. पुढे १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. वाडीला गाडीरस्ता नव्हता, यंत्रे वर नेता येत नव्हती, पायवाटेने चढूनच जावे लागत होते. त्या चढावर मदतीस निघालेल्या नवी मुंबई अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याचे हृदयविकाराने निधन झाले. त्या पावसातही शासकीय पथकांबरोबर गिर्यारोहक मंडळी वर गेली. इर्शाळगडास जाणाऱ्या कितीतरी भटक्यांनी पूर्वी त्याच वाडीतल्या ठाकर बांधवांच्या अंगणात विसावा घेतला होता.

एरवी रविवारच्या करमणुकीसाठी शिकलेली दोराची गाठ त्या दिवशी सेवा ठरली. यावरून एक कसोटी हाती येते. आपण किती मोठा धोका पत्करला यावर साहसाचे मोल ठरत नाही. त्या साहसातून आपण इतरांच्या कामी येण्यास अधिक समर्थ झालो, की इतरांवर अधिक ओझे घातले, यावर ते ठरते.

हिरकणीचा बुरूज

रायगडावरील हिरकणीची आख्यायिका महाराष्ट्रात लहानथोरांस ठाऊक आहे. कोजागिरीला गडावर दूध घालण्यास आलेल्या या गवळणीला सायंकाळी दरवाजे बंद झाल्यामुळे गडावरच अडकून पडावे लागले. घरी तान्हे मूल होते. ज्या कड्यावरून कोणी उतरू शकेल असे कोणास वाटले नव्हते, तो कडा ती रात्री उतरून गेली. महाराजांना हे कळल्यावर त्यांनी तिचा गौरव केला आणि त्या जागी बुरूज बांधविला, तोच हिरकणीचा बुरूज.

ही कथा आपण मातेच्या प्रेमाची म्हणून सांगतो आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्या उत्तरार्धाकडे फारसे लक्ष जात नाही. महाराजांनी दोन गोष्टी एकाच वेळी केल्या. धैर्याचा सत्कार केला आणि ती वाट बंद केली. हिरकणीचे उतरणे थोर होते, कारण तिच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता आणि ती दुसऱ्या जिवासाठी उतरली. पण म्हणून तो कडा इतरांनी उतरावयाची वाट ठरला नाही. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन धबधब्यांवर किंवा निसरड्या वाटांवर जाण्यास मनाई करते, तेव्हा ‘आमच्या धाडसावर निर्बंध’ म्हणून कुरकुर करणाऱ्यांनी हा बुरूज आठवावा. धैर्याची खरी ओळख ज्यांना असते, तेच कोणती वाट बंद करावी हे जाणतात.

संयमात उणेपणा नाही याचे एक सुंदर उदाहरण गिर्यारोहणाच्या इतिहासातच आहे. २५ मे १९५५ रोजी जॉर्ज बँड आणि जो ब्राऊन हे दोन ब्रिटिश गिर्यारोहक कांचनगंगा या जगातील तिसऱ्या क्रमांकाच्या शिखरावर प्रथमच पोहोचले. सिक्कीमच्या लोकांस ते शिखर पवित्र आहे, म्हणून माथ्यावर पाऊल ठेवणार नाही असे वचन त्या मोहिमेने दिले होते. प्राण पणास लावून इतके वर आल्यावर ते दोघे माथ्याच्या काही फूट खाली थांबले आणि परत फिरले. वर कोणी पाहणारे नव्हते. तरीही त्यांनी वचन पाळले आणि त्यानंतर आलेल्या अनेकांनीही ती रीत पाळली. त्या सोडलेल्या काही फुटांमुळे त्यांची चढाई कोणी कमी लेखली नाही.

रानाचा धर्म

वाल्मीकि रामायणाच्या अरण्यकांडात सीतामाईने श्रीरामांस केलेला एक उपदेश फार मननीय आहे. दंडकारण्यात प्रवेश करताना ती सांगते की, शस्त्र सतत जवळ बाळगल्याने बाळगणाऱ्याचे मन बदलते. एका तपस्व्याची कथा ती देते. इंद्राने योद्ध्याच्या वेषात येऊन त्याच्याजवळ एक खड्ग ठेव म्हणून ठेवले. ती ठेव सांभाळता सांभाळता ते खड्ग त्याच्या हातचे सुटेना आणि हळूहळू त्याची बुद्धी क्रूर झाली. आपण वनात आलो आहोत, तर वनाच्या रीतीने वागावे. नगरात परतल्यावर नगराचा धर्म पुन्हा आचरता येईल, असा तिच्या सांगण्याचा भाव आहे. श्रीरामांना ऋषींस दिलेल्या वचनामुळे वेगळा निर्णय घ्यावा लागला, परंतु तिच्या म्हणण्याचे मोल त्यांनी नाकारले नाही.

आज आपण रानात खड्ग नेत नाही. ध्वनिवर्धक नेतो, मद्य नेतो, प्लास्टिक नेतो आणि मुख्य म्हणजे ‘पैसे मोजले आहेत, आता ही जागा आमची’ ही वृत्ती नेतो. हातातली वस्तू मन कसे बदलते, याचा अनुभव गडाच्या माचीवर एक रात्र काढणाऱ्यास सहज येईल. शेकोटीचा विस्तव नीट न विझविता निघून गेल्यास माघ-फाल्गुनातील वाळल्या गवतात वणवा पेटतो आणि गुरांची वैरण जळून जाते. गडावरील टाक्यात साबण लावून आंघोळ करणाऱ्यास हे ठाऊक नसते की, वैशाखात खालचे झरे आटल्यावर काही ठिकाणी त्याच पाण्याचा आधार असतो. धुराने वा उग्र अत्तराच्या वासाने आग्या मोहोळ उठले, तर ज्याने ते उठविले तो पळून जातो आणि मागून येणाऱ्यांस डंख बसतात. येथेही साहस एकाचे आणि दंड दुसऱ्याचा!

आपल्या पूर्वजांनी देवराई राखली ती याच जाणिवेतून. देवाच्या नावाने राखलेल्या रानातली वाळकी फांदीही अनेक ठिकाणी कोणी नेत नसे. डॉ. माधव गाडगीळ आणि डॉ. वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे शास्त्रीय महत्त्व जगापुढे मांडले. देवराईतही माणसे जातात, सावलीला बसतात, नवस बोलतात. तेथे जाण्यास मज्जाव नसतो, फक्त जाणारा स्वतःस मालक समजत नाही. गिरिभ्रमणासाठी याहून उत्तम आचारसंहिता शोधण्याची आवश्यकता नाही.

याच संदर्भात एक नम्र सूचना करावीशी वाटते. जेथे दरडीने माणसे गाडली, ती जागा हे प्रेक्षणीय स्थळ नव्हे. मोठी आपत्ती घडली की काही काळाने ती जागा पाहण्यास लोक जातात, छायाचित्रे काढतात. तळीयेस कोणी गेलाच, तर एखाद्या घरच्या सुतकास जावे तसे जावे. थोडे बोलावे, अधिक ऐकावे.

दान आणि ऋण

या पुस्तिकेच्या वाचकांत अनेक दाते आहेत. महापूर असो वा दरड, महाराष्ट्रातील दात्यांनी हात कधी आखडता घेतलेला नाही. तळीयेच्या दुर्घटनेनंतरही चहूंकडून मदत आली. त्या औदार्याबद्दल आदर राखूनच एक भेद सांगितला पाहिजे. दान हे देणाऱ्याच्या इच्छेवर असते. दिले तर पुण्य आहे आणि न दिले तर कोणी मागू शकत नाही. ऋणाचे तसे नाही. ते फेडल्याने मनुष्य मोठा होत नाही, न फेडल्याने मात्र लहान होतो.

देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे आपण सर्व जाणतो. शतपथ ब्राह्मणात त्यांच्या जोडीस चौथे मनुष्यऋण सांगितले आहे आणि माणसांना आश्रय व अन्न देऊन ते फेडावे असे म्हटले आहे. डोंगरातल्या वाडीने कितीतरी अनोळखी भटक्यांना ओटीवर निजू दिले, तांब्याभर पाणी दिले, अंधारात वाट दाखविली आणि प्रसंगी झोळी करून खाली आणले. या अर्थी तिने आपले मनुष्यऋण फेडले आहे, आणि ते स्वीकारून आपण तिचे ऋणी झालो आहोत. आपत्तीनंतर पाठविलेली चादर व धान्य हे दान म्हणून उत्तम आहे. परंतु आपत्ती नसतानाच्या काळात वाटाड्यास दिलेली योग्य मजुरी, जेवणाचे घासाघीस न करता दिलेले पैसे, वाडीच्या रस्त्यासाठी, शाळेसाठी व सुरक्षित जागी पुनर्वसनासाठी उठविलेला आवाज, ही ऋणाची फेड आहे. पहिले केल्याने दुसरे माफ होत नाही.

दंड आगाऊ भरावा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. साहसाचा दंड कोणी भरावा? ज्याने साहस केले त्यानेच, हे उत्तर न्यायाचे आहे. परंतु अपघात झाल्यानंतर तो भरता येत नाही. दरीत पडलेला मनुष्य स्वतःला वर काढू शकत नाही, आणि बुडालेला मनुष्य शोधपथकाचे श्रम वाचवू शकत नाही. म्हणून हा दंड आगाऊच भरला पाहिजे, निघण्यापूर्वी आणि वाटेत.

यात्रेकरू बंधु-भगिनींनो, तो भरण्याची रीत कठीण नाही. हवामान खात्याने अतिवृष्टीचा इशारा दिला असेल, तर बेत रद्द करण्याचे दुःख सोसावे. हा पहिला हप्ता. पायथ्याच्या गावात थांबून आपण किती जण, कोणत्या वाटेने जात आहोत आणि केव्हा परतणार, हे सांगावे. गावातील जाणता मनुष्य ‘आज ओढा वाढेल’ म्हणाला, तर आपल्या हातातील नकाशापेक्षा त्याच्या शब्दास अधिक मान द्यावा. वाटाड्या घ्यावा आणि त्याचे मोल आनंदाने द्यावे. शिधा आपला आपण न्यावा आणि कचरा आपला आपण आणावा. प्रथमोपचार आणि दोराच्या चार गाठी शिकून ठेवाव्यात, न जाणो कोणाच्या तरी कामी येतील. शेवटचा कडा अवघड दिसला, तर तेथूनच हात जोडून मागे फिरावे. सह्याद्री कोठेही जात नाही.

इतके केल्यावरही एक बाकी उरतेच. आपण डोंगरातून परत येतो, आणि तेथे राहणारा तेथेच राहतो. हे अंतर कोणत्याही सावधगिरीने वा मजुरीने पूर्ण भरून निघत नाही. ते ध्यानात ठेवणे एवढेच हाती राहते. ज्याच्या ते ध्यानात असते, तो घरी पोहोचल्यावरही पावसाच्या बातम्या वेगळ्या कानांनी ऐकतो. आषाढातल्या एखाद्या रात्री मुंबई-पुण्यात पावसाने जोर धरला की त्याला वाडीतल्या त्या ओटीची आठवण होते, आणि दुसऱ्या दिवशी तो फोन करून विचारतो, ‘तुमच्याकडे सगळे ठीक आहे ना?’ डोंगराशी त्याचे नाते जुळले आहे असे मग निःशंकपणे म्हणता येईल.